मिलिंद राजा: दुसऱ्यांच्या उदाहरणांत उरलेला

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं नाव मिलिंद. शाळेत बाई म्हणाल्या, मिलिंद म्हणजे भुंगा. पुढे कळलं की मिलिंद हा ग्रीक राजा होता, नागसेन भिक्खूंशी वाद घालून हरला आणि बौद्ध झाला. शोधायला गेलो तर कुठे तो पाटलिपुत्रापर्यंत धडकला म्हणतात, कुठे भिक्खू होऊन वारला, कुठे लष्करी छावणीत मेला. यातलं खरं काय? आणि जुन्या बाजारात एकाने त्याचं म्हणून चांदीचं नाणं दाखवलंय, घ्यावं का?"

नाण्याचं शेवटी सांगतो. आधी भुंगा. तो अर्थ चूक नाही, संस्कृत कोशांत मिलिंद म्हणजे भुंगा असं सापडतं. पण डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या कॉलेजचं पुढे मिलिंद महाविद्यालय झालं आणि त्या परिसराचं नागसेनवन, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भुंगा नक्कीच नव्हता. प्रश्न विचारणारा राजा आणि त्याला निरुत्तर करणारा भिक्खू, असे दोघं एकाच आवारात नांदतात. तुमच्या आईवडिलांच्या मनात यातलं काय होतं ते त्यांनाच विचारा.

मी नाणी वाचणारा माणूस. तीसेक वर्षं या राजाच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या नाण्यांवर घालवली आहेत, त्यामुळे माझं उत्तर नाण्यांकडे झुकलेलं असणार, हे आधीच कबूल करतो. या राजाची मोठी गंमत अशी की त्याचं चरित्र कुणीही लिहून ठेवलेलं नाही. अलेक्झांडरच्या मागे चरित्रकारांची रांग लागली, याच्या मागे एकही नाही. ज्यांनी त्याचं नाव घेतलं त्यांना सांगायचं होतं भलतंच. एकाला भूगोल लिहायचा होता, एकाला पुढाऱ्यांना उपदेश करायचा होता, एक दर्यावर्दी बंदरात कोणता माल खपतो ते टिपत होता आणि एक भिक्खू अनात्मवाद, म्हणजे कायमचा असा आत्मा नाही हे मत, समजावत होता. व्याकरण शिकवणाऱ्या पतंजलींनी तर नुसतं ‘यवन’, म्हणजे ग्रीक, म्हटलं, तो यवन हाच होता का यावर वाद आहे. मिलिंद येतो तो उदाहरण म्हणून, ओघात. मला यात तोटा वाटत नाही. स्तुतीसाठी लिहिलेल्या ओळीपेक्षा बोलता बोलता निसटलेल्या ओळीवर मी जास्त विश्वास ठेवतो. खाली जे सांगतोय ते याच चाळणीतून काढलेलं आहे.

सगळ्यात पक्का साक्षीदार म्हणजे नाणं. त्याचं एक नेहमीचं चांदीचं द्राख्म तळहातावर घेतलंत तर ते इंग्रजी अमदानीतल्या पावलीपेक्षा जरासं लहान आणि हलकं लागेल. वजन साधारण २.४५ ग्रॅम. एका बाजूला राजाचा चेहरा. काही नाण्यांवर नुसती फीत बांधलेलं डोकं, काहींवर शिरस्त्राण, आणि माझ्या सर्वांत आवडत्या प्रकारात राजा पाठमोरा, खांद्यावर देवीचं कवच टाकून भाला फेकण्याच्या पवित्र्यात. या बाजूला ग्रीक अक्षरं. वरच्या कमानीत ‘बासिलेऑस सोतेरोस’, खाली ‘मेनान्द्रू’. म्हणजे ‘राजाचं, तारणहाराचं, मेनान्द्रोसचं’. मेनान्द्रोस हेच मिलिंदाचं ग्रीक नाव. नाणं उलटलंत की अथेना देवी दिसते, उगारलेल्या हातात वज्र, दुसऱ्या हातावर ढाल. मॅसिडोनियातल्या पेल्ला शहरात जिची पूजा होत असे ती ही अथेना. अलेक्झांडरच्या वारशावरचा हक्क सांगायला एवढं चित्र पुरेसं होतं. तिच्याभोवती उजवीकडून डावीकडे जाणारी, खरोष्ठी लिपीतली अक्षरं आहेत: ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’.

ही तीन खरोष्ठी अक्षरपदं मोठ्याने वाचून बघा. शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी माणसाला त्यांचं भाषांतर लागत नाही. खरोष्ठीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत म्हणून महाराजचं महरज झालंय. ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय. सोतेर म्हणजे तारणारा, म्हणून त्राता. टाकसाळीत कुणीतरी बसून ‘सोतेर’ला प्राकृतात काय म्हणायचं हे ठरवलं असणार आणि तो माणूस दोन्ही भाषा जाणणारा होता, एवढं या नाण्यावरून छातीठोकपणे सांगता येतं. बाकी दोन हजार वर्षांनी याच जोडलेखाने आपलं कल्याण केलं. १८३० च्या दशकात चार्ल्स मॅसनने अफगाणिस्तानात गोळा केलेल्या नाण्यांवर ग्रीक नावापुढे कोणतं खरोष्ठी नाव येतं हे हेरून जुन्या लिप्या उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपला कळवलं. ज्या नावांवरून पहिली अक्षरं सुटली त्यांत मिनँडरचं, म्हणजे आपल्या मेनान्द्रोसचंच, नाव होतं. विसरली गेलेली लिपी वाचायला आपला राजा असा उपयोगी पडला.

मेनान्द्रोसचा मिलिंद कसा झाला, हे पुष्कळांना कोडं वाटतं. आपण कडुनिंबाला कडुलिंब म्हणतो की नाही? न आणि ल यांची अदलाबदल आपल्या जिभेला नवी नाही. मेनंद्रचा मिनंद, मिनंदचा मिलिंद, एवढाच तो प्रवास. नागसेनांबरोबरच्या संवादाच्या चिनी भाषांतरात तर तो ‘मि-लान’ होऊन बसलाय.

आता काळ. त्याच्या एकाही नाण्यावर वर्ष नाही. अभ्यासक त्याची कारकीर्द इ. स. पू. १६५ किंवा १५५ पासून १३० पर्यंत ठेवतात. सुरुवातीबद्दल दहा वर्षांची ओढाताण आहे, शेवटाबद्दल त्यामानाने एकमत. तो जन्मायच्या सुमारास बॅक्ट्रियाचे, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानचे, ग्रीक राजे हिंदुकुश उतरून दक्षिणेला आले होते. युथिडेमसचा मुलगा डेमिट्रियस, मग पँटालिऑन, अगाथोक्लीज, अपोलोडोटस. यांतल्या अगाथोक्लीजने आपल्या काही नाण्यांवर वासुदेव आणि संकर्षण हे देव छापले. अपोलोडोटसने त्याहून मोठं काम केलं. ग्रीक जगात चालणारं सव्वाचार ग्रॅमचं द्राख्म सोडून त्याने इकडच्या व्यवहाराला सोयीचं, दोन लिप्यांतलं हलकं नाणं रुळवलं. मिनँडरने गादीबरोबर हे तयार चलनही उचललं आणि इतकं पाडलं की भारतातल्या सगळ्या ग्रीक राजांत आज त्याचीच नाणी सर्वांत जास्त सापडतात.

तो जन्मला कुठे? इथे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला एक प्रसंग सांगतो. राजा विचारतो, भन्ते, एक माणूस इथे मेला आणि ब्रह्मलोकात जन्मला, दुसरा इथे मेला आणि काश्मिरात जन्मला, तर आधी कोण पोचेल? नागसेन म्हणतात, दोघं एकदमच. राजाला ते पटत नाही, तो दृष्टान्त मागतो. मग संवाद असा जातो: महाराज, तुमचं जन्मगाव कोणतं? कलसी नावाचं गाव. इथून किती लांब? दोनशे योजनं. आणि काश्मीर? बारा योजनं. आता मनात कलसी आणा. आणलं. आता काश्मीर आणा. आणलं. कशाला जास्त वेळ लागला? दोन्हीला सारखाच.

इथे लेखकाला राजाचं गाव सांगायचं नव्हतं, मनाचा वेग सांगायचा होता. गाव दृष्टान्तात आलं. म्हणून मला ते खरं वाटतं. खोटंच सांगायचं असतं तर कुणी एवढ्या मोठ्या राजाला एका खेड्यात जन्माला घालत नाही. त्याच ग्रंथात दुसरीकडे तो अलसंद नावाच्या ‘द्वीपात’ जन्मल्याचं सांगतो. अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया हे उघड आहे, पण अलेक्झांडरने त्या नावाची शहरं वाटेत ठिकठिकाणी पेरली होती. काही जण इजिप्तचं म्हणतात. माझं मत काबूलच्या उत्तरेच्या, हिंदुकुशच्या पायथ्याच्या अलेक्झांड्रियाच्या बाजूचं आहे. दोन नद्यांच्या मधल्या भूभागालाही द्वीप, दुआब म्हणतातच. तेव्हा हा राजा ग्रीसमधून आलेला नव्हे. अफगाणिस्तानातल्या एका खेड्यात, ग्रीक बोलणाऱ्या घरात जन्मलेला, इथलाच. ग्रीस त्याने पाहिल्याचा कुठेही मागमूस नाही.

राजधानी सागल, आजच्या पाकिस्तानातलं सियालकोट, असं बहुतेक मानतात. ग्रंथाची सुरुवातच या शहरापासून होते, ‘अत्थि योनकानं नानापुटभेदनं सागलं नाम नगरं’. यातल्या ‘पुटभेदन’ या शब्दावर मी फिदा आहे. पुट म्हणजे मालाचं गाठोडं, भेदन म्हणजे ते फोडणं. जिथे तऱ्हेतऱ्हेच्या मालाच्या गोण्या सुटतात ते शहर, म्हणजे पेठ. पुढे काशीच्या आणि कोटुंबरच्या कापडाच्या दुकानांचं वर्णन येतं. वर्णन ठोकळेबाज आहे, कुठल्याही पाली नगरीला चिकटवता येईल असं. पण एवढी नाणी पाडणाऱ्या राजाची राजधानी पेठ असणार, याबद्दल मी वाद घालणार नाही.

त्याच्या कारकिर्दीतल्या लढायांबद्दल मात्र सावध राहायला हवं. बॅक्ट्रियात युक्रेटाइडीज नावाचा जबरदस्त राजा उठला होता. त्यानेही हिंदुकुश ओलांडला, काबूल खोऱ्यात त्याची दुभाषी नाणी मिळतात. इ. स. पू. १४५ च्या सुमारास त्याच्या मुलानेच त्याला मारलं, त्याच सुमारास आय खानूम हे नांदतं ग्रीक शहर ओस पडलं आणि उत्तरेकडून भटक्या टोळ्या उतरू लागल्या. मिनँडरचं राज्य याच धामधुमीत टिकलं. मागे हिंदुकुशच्या पलीकडे ग्रीक सत्ता कोसळत होती आणि अलीकडे हा गृहस्थ काबूलपासून पंजाबपर्यंत पाय रोवून होता. पाठमोऱ्या भालाफेक्याचं ते चित्र युक्रेटाइडीजच्याही नाण्यांवर आहे. ती निव्वळ नक्कल असेल असं मला वाटत नाही. शत्रूची ऐट आपल्या नाण्यावर मिरवणं ही राजेलोकांची जुनी खोड.

आणि पाटलिपुत्र? भूगोलकार स्ट्राबो लिहितो की बॅक्ट्रियाच्या ग्रीकांनी अलेक्झांडरपेक्षा जास्त लोक जिंकले, विशेषतः मिनँडरने, ‘जर त्याने खरोखर हिपानिस ओलांडली असेल तर’. हिपानिस म्हणजे बियास, जिथून अलेक्झांडरचं सैन्य परत फिरलं ती नदी. हे ‘जर’ लोक उद्धृत करताना गाळतात. शिवाय तो लगेच म्हणतो की काही विजय मिनँडरचे, काही डेमिट्रियसचे. श्रेय कुणाचं किती ते त्यालाही सोडवता आलेलं नाही. गंगेपर्यंत आणि पाटलिपुत्रापर्यंत ग्रीक गेल्याचं तो दुसऱ्या ठिकाणी सांगतो, पण तिथे राजाचं नाव नाही.

आपल्या बाजूने पतंजली आहेत. महाभाष्यात अनद्यतन भूतकाळाची चर्चा चालू आहे. घटना डोळ्यांसमोर घडलेली नाही, पण लोकांत माहीत आहे आणि बोलणाऱ्याला मनात आणलं असतं तर बघता आली असती, अशा वेळी कोणतं रूप वापरायचं? उदाहरणं दिली आहेत: ‘अरुणद् यवनः साकेतम्’, ‘अरुणद् यवनो मध्यमिकाम्’. यवनाने साकेताला वेढा घातला, यवनाने मध्यमिकेला वेढा घातला. साकेत म्हणजे अयोध्या, मध्यमिका म्हणजे चितोडजवळची नगरी. हे उदाहरण वर्गात चालायचं तर ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना तो वेढा ताजा माहीत असायलाच हवा, नाहीतर नियमच कळणार नाही. इतिहास सांगायचा नसताना सांगितलेला हा इतिहास मला शिलालेखाइतका वजनदार वाटतो. पण ‘यवन’ कोण, ते पतंजली सांगत नाहीत. विद्यार्थ्यांना सांगायची गरजच नव्हती. काळ पाहता मिनँडर बसतो, म्हणून बहुतेक जण त्याचं नाव घालतात. मीही घालतो, पेन्सिलीने.

युगपुराण या जुन्या संस्कृत ग्रंथात यवन साकेत, पांचाल, मथुरा घेत कुसुमध्वजापर्यंत, म्हणजे पाटलिपुत्रापर्यंत येतात आणि मग आपसातल्या भयंकर युद्धामुळे मध्यदेशात टिकत नाहीत, असं भविष्यकथनाच्या थाटात सांगितलंय. युक्रेटाइडीजचं प्रकरण ठाऊक असेल तर ही ओळ वाचताना कान टवकारतात. एक धाड पाटण्यापर्यंत गेली असावी, राज्य मात्र तिथे नव्हतं, हे माझं मत. कारण त्याची नाणी पूर्वेला ज्या प्रमाणात मिळायला हवीत तशी मिळत नाहीत. मथुरेची गोष्ट निराळी. मथुरेजवळच्या माघेरा गावात सापडलेल्या ब्राह्मी लेखात यवनराज्याचं ११६वं वर्ष मोजलेलं आहे. तिथे यवनांची कालगणना चालली, म्हणजे केवळ धाड नव्हती. फत्तेपूर जिल्ह्यातल्या रेह इथल्या लेखातही मिनँडरचं नाव वाचल्याचा गाजावाजा झाला होता. नेमकं नाव असलेलं ठिकाणच झिजलेलं आहे. अशा वाचनावर मी राज्याची सीमा आखत नाही.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न: तो बौद्ध होता का?

मिलिंदपञ्हातला राजा कुणाही वादपटूसारखा आहे. आधीच्या पंडितांना त्याने गप्प केलंय आणि म्हणतो, जंबुद्वीप पोकळ आहे, भुसा आहे नुसता. मग नागसेन भेटतात. सुरुवातीच्या चर्चेतच ते एक अट घालतात, ती मला साऱ्या ग्रंथात मोलाची वाटते. महाराज, पंडितवादाने बोलणार असाल तर बोलतो, राजवादाने नाही. फरक काय? पंडित हरला तर रागावत नाही. राजा एक मत मांडतो आणि जो मान्य करत नाही त्याला दंड फर्मावतो. राजा पंडितवाद कबूल करतो. त्याच्याही आधी नागसेन विचारतात, पायी आलात की रथातून? रथातून. मग रथ म्हणजे काय, दांडा? नाही. आस? नाही. चाकं? नाही. तर मग महाराज खोटं बोललात, रथ नाहीच. राजा हसत नाही, चिडत नाही. म्हणतो, या सगळ्या भागांमुळे ‘रथ’ हे नाव पडतं. नागसेन म्हणतात, तसंच ‘नागसेन’ हे नाव. राजाच्या सोबत योनक, म्हणजे ग्रीक, आहेत आणि त्यांत देवमंतिय नावाचा एक अधिकारी आहे. हे डेमिट्रियसचं पाली रूप. असं नाव मागाहून कुणी कल्पनेने रचेल असं वाटत नाही. राजदरबाराची कुठलीतरी खरी आठवण त्या ग्रंथात मुरलेली आहे.

पण ग्रंथ थरांनी वाढलेला आहे. पहिले तीन भाग जुने, ते चिनी भाषांतरातही आहेत. राजाने मुलाकडे राज्य सोपवलं, प्रव्रज्या घेतली, म्हणजे भिक्खू झाला, आणि अर्हत झाला, हा शेवट मागाहूनच्या पाली भागातला. जुन्या भागाच्या अखेरीस राजा काय म्हणतो ते बघा. सोन्याच्या पिंजऱ्यात घातलेला सिंहसुद्धा तोंड बाहेरच्या बाजूलाच करून बसतो, तसा मी घरात राहतो पण तोंड बाहेर आहे. मात्र घर सोडून निघालो तर फार दिवस जगणार नाही, माझे शत्रू पुष्कळ आहेत. एवढं स्वच्छ कारण देणारा राजा पुढे भिक्खू झाला, हे मला पटत नाही. ज्याने मिनँडरचं राजकारण जवळून पाहिलं होतं त्याच्याकडून हे वाक्य आलं असावं. ते प्रव्रज्येचं प्रकरण नंतरच्या भक्तांनी राजाला दिलेली बढती आहे.

नाण्यांवर बौद्ध खूण म्हणून लोक आठ आऱ्यांच्या चाकाकडे बोट दाखवतात. आहे ते चाक, त्याच्या एका लहान तांब्याच्या नाण्यावर, मागे खजुराची फांदी. धर्मचक्र असू शकेल. पण त्याच्याच तांब्याच्या नाण्यांवर हत्तीचं डोकं आणि हेराक्लीजची गदा आहे, बैलाचं डोकं आहे, रानडुकराचं आहे, घुबड आहे. चाकाला बौद्ध म्हणायचं तर रानडुकराला काय म्हणायचं? काही दुर्मिळ नाण्यांवर ‘दिकाइओस’, खरोष्ठीत ‘ध्रमिकस’, अशी पदवी येते. ती नाणी बहुतेक तज्ज्ञ पुढच्या, दुसऱ्या मिनँडरची मानतात. बाजौरच्या शिंकोट इथल्या अस्थिकरंडकावर मिनद्र महाराजाचं नाव आणि कार्तिकाचा १४वा दिवस आहे. तो लेख प्रसिद्ध झाला तेव्हा पुरावा संपला असं वाटलं होतं, पण त्यातला नेमका तो भाग आधुनिक काळात कोरलेला असल्याचा आक्षेप जबाबदार लिपितज्ज्ञाने घेतला आहे. मी तो पुरावा बाजूला ठेवतो. ठोस म्हणायचं तर स्वात खोऱ्यातल्या बुटकारा स्तूपाच्या जुन्या थरात सापडलेलं मिनँडरचं नाणं. त्याच्या काळात तिथे स्तूप वाढवला जात होता, एवढं ते सांगतं. वाढवणारा कोण ते सांगत नाही.

तुलनेला विदिशेचा गरुडस्तंभ घ्या. थोड्याच काळाने अंतलिकित या ग्रीक राजाचा वकील हेलिओडोरस तिथे आला. त्याने दगडावर स्वतःला ‘भागवत’ म्हणवून घेतलं, मामला मिटला. मिनँडरने तशी एकही ओळ सोडलेली नाही. त्याच्या नाण्यांवर शेवटपर्यंत अथेनाच वज्र उगारून उभी आहे. मी असं म्हणेन: त्याने संघाला आश्रय दिला, चर्चेत रस घेतला, आणि बौद्धांनी त्याला आपला मानला. एवढं माझ्यासारख्या कोरड्या माणसालाही मान्य आहे. दीक्षा घेतली की नाही यावर मी सही करणार नाही.

मृत्यूची हकीकत प्लुटार्क या ग्रीक लेखकाकडे आहे. पुढाऱ्यांनी कसं वागावं हे सांगताना तो म्हणतो, बॅक्ट्रियनांवर चांगलं राज्य करणारा मिनँडर नावाचा कुणी एक छावणीत वारला. शहरांनी अंत्यविधी मिळून केला, पण अवशेषांवरून भांडणं झाली. अखेर राख सारखी वाटून घेऊन प्रत्येकाने आपापल्याकडे स्मारक उभारायचं ठरलं. लगेच पुढे तो फालारिस या जुलमी राजाचं सांगतो. त्याच्यापासून सुटल्यावर आक्रागासच्या लोकांनी त्याच्या शिपायांच्या कपड्याच्या रंगाचा झगा घालायलाही बंदी केली म्हणे. चांगला राजा, वाईट राजा, लोकांची आठवण. मिनँडर पुन्हा उदाहरणातच.

बुद्धाच्या अस्थींची आठ वाटण्यांची कथा आपल्याला पाठ आहे, त्यामुळे ही राख वाटण्याची गोष्ट वाचताच डोळे लकाकतात. प्लुटार्कला बुद्धाची कथा माहीत असल्याचं दिसत नाही. म्हणजे ही बातमी पूर्वेकडूनच, बौद्ध वळण घेऊन, त्याच्यापर्यंत गेली असावी. वाटणी खरी झाली की मिलिंदावरच्या श्रद्धेने तशी कथा झाली, हे ठरवायला माझ्याकडे माप नाही. पण छावणीतला मृत्यू मला खरा वाटतो. त्या वाक्यात प्लुटार्कला काही सिद्ध करायचं नव्हतं, आणि शत्रू पुष्कळ आहेत म्हणणाऱ्या राजाला मरण छावणीतच यायचं.

त्याच्या मागे अगाथोक्लिया राणीची नाणी येतात, मग तिची आणि स्ट्रॅटोची जोडनाणी, मग एकट्या स्ट्रॅटोची. विधवा राणी अज्ञान मुलासाठी कारभार पाहतेय असं चित्र यातून उभं राहतं आणि बहुतेक नाणेतज्ज्ञ ते स्वीकारतात. स्ट्रॅटोच्या नाण्यांवर मिनँडरची ती वज्रधारी अथेना आहे. मग राज्य फुटत गेलं. इतक्या राजांची नावं केवळ नाण्यांवर उरली आहेत की आम्हालाही ती ओळीने म्हणता येत नाहीत.

महाराष्ट्राशी याचा संबंध लोक लेण्यांमधून जोडतात. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटाचे यवन दाते आहेत, जुन्नरलाही यवन आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत दातामितीहून आलेला, उत्तरेकडचा योनक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने लेणं कोरवल्याचा लेख आहे. ही मंडळी मिनँडरच्या बरीच नंतरची, त्याची प्रजा नव्हेत. मला जवळचा वाटतो तो दुवा वजनाचा. इ. स.च्या पहिल्या शतकात भरूचच्या बंदरात अपोलोडोटस आणि मिनँडरची जुनी द्राख्मं अजून चालतात, असं एका ग्रीक दर्यावर्दीने टिपून ठेवलंय. काहींना वाटतं त्याचा घोटाळा झाला, त्याने पाहिली ती क्षत्रपांची, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांची, नाणी. घोटाळा झाला असेल तरी तो समजण्यासारखा आहे. त्या क्षत्रपांपैकी क्षहरात घराण्यातल्या नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर तोच हलका तोल, तोच राजाचा चेहरा, भोवती मोडक्यातोडक्या ग्रीक अक्षरांची कड. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या नहपानाच्या १३ हजारांहून जास्त नाण्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. पंजाबातल्या ग्रीक टाकसाळीत रुळलेला तोल गोदावरीकाठी येऊन पोचला तो असा.

आता तुमचं नाणं. मिनँडरचं चांदीचं द्राख्म दुर्मिळ नाही. अफगाणिस्तानात मीर झकाह इथे १९४७ आणि १९९२ मध्ये निघालेल्या प्रचंड निधींनी बाजार भरून गेला. म्हणून ‘फार दुर्मिळ आहे’ असं विकणाऱ्याने सांगितलं तर तिथेच एक पाऊल मागे या. नकली नाणीही तितकीच मुबलक आहेत, बहुतेक साच्यात ओतलेली. वजन करा. २.४५ च्या आसपास, थोडं झिजलेलं असेल तर त्याहून कमी. तीन ग्रॅमच्या वर गेलं तर ठेवून द्या. मग कड भिंगाखाली फिरवा. ओतीव नाण्याच्या कडेला शिवण किंवा ती घासून काढल्याची खूण राहते, आणि पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. शेवटी खरोष्ठी. तळाशी उजवीकडून ‘मे-नं-द्र-स’ ही चार अक्षरं लागतात का ते बघा. नकली ठसा कोरणाऱ्याला ग्रीक साधतं, खरोष्ठी त्याला नक्षी वाटते, आणि ‘द्र’च्या जागी तो बहुतेक वेळा नुसतं आकड्यासारखं वळण काढून मोकळा होतो. विकणाऱ्याकडे पुरावस्तू विक्रीचा परवाना आहे का तेही विचारा. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या भाच्याला मुंजीत भेट द्यायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा.